डिझेल पिकअपला ट्रान्समिशन टेम्परेचर गेज बसवताना सेन्सर कुठे लावावा?

पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला तेल साठतं त्या भांड्यात. बाकीचे काय सांगतात ते ऐकून घ्या आणि पॅनमध्येच लावा.

तुमचा २००१चा डॉज रॅम २५००, ५.९ लिटरचं कमिन्स, ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागे कॅम्पर ओढायचाय आणि सेन्सर पॅनमध्ये, टेस्ट पोर्टवर (तेलाचा दाब तपासायचं तयार भोक) की तेल गार करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या लाइनमध्ये, असं तुम्ही विचारलंय. डेन्व्हरला मी हाच ट्रक चालवतो. माझा बघून आमच्या साडूंनीही हाच घेतला. त्यांनी सेन्सर लाइनमध्ये घातला, का तर म्हणे सगळ्यात गरम तेल तिथे सापडतं. सापडतं की! टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, त्यातून निघालेलं तेल आधी त्याच लाइनमध्ये येतं. पण म्हणून तो आकडा अख्ख्या गिअरबॉक्सचा होत नाही.

झालं असं. दोघांच्या मागे कॅम्पर, दोन्ही घरची मंडळी, आय-७० महामार्गावरून पश्चिमेला निघालो. जॉर्जटाउन सोडलं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढच चढ, बोगदा सुमारे ११,००० फुटांवर. पुढे एक लादलेला ट्रेलर रडतखडत चाललेला. आमचा वेग उतरला आणि लॉकअप (कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा क्लच) सुटलं. लॉकअप सुटलं की कन्व्हर्टर नुसतं तेल घुसळत बसतो आणि इंजिनाची बरीच ताकद तेल तापवण्यात जाते. साडूंचा काटा बघता बघता २६० फॅरनहाइटवर, माझा, पॅनमधला, १९५ च्या आसपास. साडूंनी ट्रक कडेला घेतला, पार्कमध्ये टाकला, बॉनेट उघडलं. थोड्या वेळात काटा खाली. "बघा, उतरलं!" आणि वर मलाच, "तुमचं गेज झोपलंय, तपासून घ्या."

यातली गोम अशी, की पार्कमध्ये ४७आरई कन्व्हर्टरला तेल पाठवतच नाही, त्यामुळे कूलरच्या लाइनमधूनही काही वाहत नाही. (या गिअरबॉक्सची डिपस्टिक न्यूट्रलमध्ये बघतात ती उगाच नाही.) लाइनमध्ये अडकलेलं जरासं तेल गार झालं, काटा पडला. पॅनमधलं तेल होतं तिथेच. तेल खरंच गार करायचं तर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना ठोकळे आणि इंजिन आयडलपेक्षा थोडं वर. हे मी साडूंना तिथेच सांगितलं, दोघी बहिणींसमोर. जेवायला थांबेपर्यंत गृहस्थ माझ्याशी बोलले नाहीत. दर गणपतीला आरती झाली की माझं गेज अजूनही झोपलेलंच असतं.

झोपलंय म्हणे! बसवण्याआधी सेंडर (म्हणजे हाच सेन्सर) वायरला जोडून, बॉडीला अर्थ देऊन मी उकळत्या पाण्यात धरला होता. डेन्व्हरच्या उंचीवर पाणी २१२ ला नाही, २०२ च्या आसपास उकळतं. काटा तिथेच जाऊन थांबला. तुम्हीही हे कराच. पातेलं मात्र जुनं घ्या.

टेस्ट पोर्टचं कौतुक एवढंच, की भोक पाडावं लागत नाही. तिथलं तेल बंद गल्लीत उभं असल्यासारखं, वाहत नाही, म्हणून काटा आळशी.

कंपनीच्या पॅनला ड्रेन प्लग नसतो, तेव्हा तेलाची अंघोळ ठरलेली. भोक पॅन काढूनच पाडा, फिल्टर आणि व्हॉल्व्ह बॉडीला सेंडर अडणार नाही अशा जागी, एक्झॉस्ट पाइपापासून लांब. १/८ एनपीटी (पाइपाच्या आट्यांचं माप) बंग, म्हणजे सेंडर बसवायची आट्यांची बुशी, वेल्ड करून घ्या. नाहीतर बाजारात अॅल्युमिनियमचा खोल पॅन मिळतो, त्याला ड्रेन प्लगही असतो आणि सेन्सरची जागाही. एका वायरीच्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो, त्यामुळे टेफ्लॉन टेप भसाभसा गुंडाळू नका. वायरिंग गेजच्या डब्यावर दिलेलं असतं. गिअरबॉक्सचं तेल एटीएफ+४ प्रकारचं.

पॅनचा काटा २०० पर्यंत असेल तर निवांत चालवा. २२० दिसलं की ओव्हरड्राइव्ह बंद करून तिसऱ्यात या, लॉकअप टिकतं. २५० ला कडेला.

आता एक कबूल करायला हवं. कन्व्हर्टर घसरायला लागला तर ते लाइनच्या काट्यावर आधी दिसतं, पॅनमध्ये उशिरा. ज्याला तो काटा वाचता येतो त्यानं दोन सेंडर लावून मध्ये एक स्विच टाकला तर उत्तमच. पण हे साडूंना सांगणार नाही. आणि तुम्ही त्यांच्यासारखा एकटा लाइनमध्येच लावणार असाल, तर थांबल्यावर आकडा न्यूट्रलमध्ये वाचा, पार्कमध्ये नाही.