मिरगी, झटका आणि अपस्मार

दर्यापूरकडच्या एका वाचकाने विचारले आहे की, आबाजींच्या कागदावर डॉक्टरांनी 'अपस्मार' असे लिहिले. पण त्यांचे हातपाय कधी आखडले नाहीत की तोंडाला फेस आला नाही, मग गावात जिला 'मिरगी' म्हणतात ती हीच का?

होय, रोग तोच आहे. शब्द मात्र त्याच्या वेगवेगळ्या अंगांवर बोट ठेवतात. 'आकडी' म्हटले की आकड्यासारखे वळलेले हातपाय दिसतात. 'अपस्मार' या शब्दात शरीर कोठेच नाही: 'अप' म्हणजे दूर, 'स्मृ' म्हणजे आठवणे. चरकसंहितेतील व्याख्येतही आरंभ स्मृती ढळण्यापासूनच होतो. वाचक लिहितात की, तंबाखूला चुना लावून मळता मळता आबाजींचा अंगठा मध्येच थांबतो, नजर एका जागी लागते, ओठ काही चघळल्यासारखे हलतात आणि नंतर बराच वेळ त्यांना नातू ओळखू येत नाही. म्हातारपणी हा रोग पुष्कळदा असाच, आकडीवाचून येतो. त्यावर आजी म्हणते, "बुढा भान हरपल्यावानी पाह्यते." अपस्माराची व्युत्पत्ती याहून सोपी करून सांगता येणार नाही.

आपल्याकडे खरा घोटाळा 'झटका' या शब्दाने होतो. लकव्याचाही झटका, हृदयाचाही झटका आणि मिरगीचाही झटकाच. त्यातही उतारवयात अपस्माराचे एक मोठे कारण लकवाच असल्याने एकाच माणसाला दोन्ही झटके येऊन गेलेले असू शकतात. म्हणून दवाखान्यात नुसते "मागे झटका आला होता" असे न सांगता काय दिसले ते सांगावे.

आबाजींच्या 'मेंदूच्या लहरी' चांगल्या आल्या, तरी अपस्मार कसा, असेही वाचक विचारतात. (या लहरींचा लहरीपणाशी संबंध नाही, हे जाता जाता.) डोक्याला तारा लावून काढलेला ईईजी म्हणजे मेंदूतील विजेचा त्या अर्ध्या-पाऊण तासापुरता आलेख, त्या वेळी मेंदू शांत असेल, तर दोष दिसेलच असे नाही. उलट, वयानुसार लहरींचा वेग थोडा मंदावणे हा रोग नव्हे.

राहिला क्रियापदाचा प्रश्न. 'फिट आली', 'मिरगी आली' हे बरोबर, कारण ती घटना आहे. 'अपस्मार आला' असे मात्र लिहू नये, 'अपस्मार आहे' असे लिहावे, कारण तो फिट पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती असलेला रोग आहे. रक्तातील साखर एकाएकी उतरून एखाद्याला एकदाच फिट आली, तर फिट आली हे खरे, पण त्याला अपस्मार आहे असे म्हणता येत नाही.