पाचोळ्यातले भुंगेरे बघायचेत? आधी चाळण घे
अरे लगेच मॅक्रो लेन्स घेऊ नकोस, गव्हाची चाळण, पांढरं कापड आणि दहापट मोठं दाखवणारं १०एक्सचं भिंग बास (चाळण घरातली नको, माझी परत कुणी किचनमध्ये घेतली नाही). नाशिकजवळ अंजनेरीकडे पाऊस सुरू झाला की पाचोळ्याचा वरचा कोरडा थर बाजूला कर, खालचा काळपट ओला मूठभर कापडावर चाळ आणि दोन मिनिटं गप बस, कारण बरेच जण आधी मेल्याचं सोंग करतात आणि मग एकेक ठिपका चालायला लागतो, काही तर १ मिमीपेक्षाही बारीक. पाठीवर मधोमध सरळ रेघ असली की बहुतेक भुंगेराच. केशरी-काळा, लांबट, आखूड पंखांचा दिसला तर अंगावर चिरडू नको, फोड येतात. ओंडका उलटलास तर परत तसाच ठेव. आणि घरी काही आणायचं नाही, ते राखीव जंगल आहे.