उत्तर : मामांची १९९७ ची मारुती ८००, सुरुवात कुठून करू?

मामांनी दिलेली गाडी, चार वर्षं कोठ्यात उभी, गाव दर्यापूरकडचं, हाताशी एक पाना सेट आणि शिकायची मनापासून इच्छा. तू विचारलंस, आधी इंजिन खोलू का? नको खोलू भाऊ. इंजिन सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक त्याची गरजही पडणार नाही.

गाडी मात्र शिकायला उत्तम आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), कुठेही कॉम्प्युटर नाही. बिघाड डोळ्याला दिसतो, हाताला लागतो. १९८३ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती, त्यामुळे सुटे भाग अकोला-अमरावतीत अजून सहज मिळतात. पण भाग सहज मिळतात म्हणूनच नवा माणूस कारण न शोधता भाग बदलत सुटतो. माझं तेच झालं होतं, म्हणून ते आधी सांगतो.

माझीही ८०० च होती. मे महिन्यात मूर्तिजापूरहून परतताना टेंपरेचरचा काटा लाल रेषेला टेकला. एका कारागिराने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, काढून फेकला. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट नसलेलाच बरा, असं आपल्याकडे जो तो सांगतो. पावसाळा आणि हिवाळा बरा गेला. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. मग पाणी फिरवणारा वॉटर पंप बदलला, मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालची पत्री. चण्याचे आलेले पैसे त्यात गेले आणि गाडी तापायची थांबली नाही. शेवटी ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी गरम करून बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली म्हणजे पंखा अचानक सुरू व्हायला नको, आणि पाणी थंड करणाऱ्या जाळीवरून, म्हणजे रेडिएटरवरून, जपून तळहात फिरवला. वरचा भाग चटका देत होता, मधला मोठा पट्टा कोमट. तिथल्या नळ्या चोंदलेल्या. कारण माझ्याच घरचं होतं : मी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत होतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं आहे हे आपल्याला पिण्याच्या बाबतीत पक्कं माहीत असतं, गाडीच्या बाबतीत कुणाच्या ध्यानात येत नाही. पाणी तापलं की क्षार नळ्यांत बसतात. थर्मोस्टॅट काढल्याने दोष गेला नव्हता, दोन ऋतू झाकला गेला होता.

तू पण खारपाणपट्ट्यातलाच, म्हणून मामांना विचार, रेडिएटरमध्ये कोणतं पाणी टाकत होते. खालचा पाइप काढून पाणी बादलीत घे. तांबूस गाळ किंवा पांढरे कण दिसले तर रेडिएटर उतरवून साफ करून आण. पुढे फक्त तयार कूलंट (रेडिएटरसाठी मिळणारं द्रव) किंवा डिस्टिल्ड वॉटर मिसळलेलं कूलंट. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, वाफेने तोंड भाजतं.

पण याच्याही आधी ब्रेक. गाडी चालू होण्याआधी ती थांबली पाहिजे. चार वर्षांत मागच्या चाकांच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) गंजून चिकटलेले असतील, त्यांना ढकलणारा व्हील सिलिंडर जाम असेल. गाडी वर घेताना जॅकखाली जाड फळी किंवा फरशी ठेव, आपली काळी माती वरून टणक दिसते आणि वजन आलं की दबते. उरलेल्या चाकांना दगड लाव. जॅकच्या भरवशावर किंवा विटांच्या थरावर गाडीखाली जायचं नाही, गाडी टेकवायच्या जॅक स्टँडची जोडी विकत घे. इतर हत्यारं उसनी चालतील, हे नाही.

एका वेळी एकाच बाजूचा ड्रम खोल. दुसरी बाजू जशीच्या तशी ठेव, स्प्रिंगा कशा बसतात हे विसरलास तर तीच तुझं पुस्तक. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. आतली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पूस. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून सगळं जुनं काढून नवं भर. ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात : एक पेडलवर, एक चाकाशी.

मग इंजिन. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच टॉप गिअर टाकून गाडी हळू ढकल. इंजिन फिरलं तर ते जाम नाही, हा मोठा दिलासा. टाकीतलं जुनं पेट्रोल उघड्यावर, विडी-शेगडीपासून लांब, पूर्ण काढ. पेट्रोलचे रबरी पाइप आणि फिल्टर नवे घाल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. इंजिन ऑइल बदल, बॅटरी तपास, अर्थिंगची पट्टी (बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या पत्र्याला जोडणारी) घासून स्वच्छ कर. त्यानंतरच चावी.

काही बदललंस की गाडी चालवून बघ, मगच दुसऱ्या गोष्टीला हात लाव. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. वहीत तारखेनिशी लिहून ठेव.

पेरणीला अजून वेळ असेल तर गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडे पंधरा दिवस सकाळी जाऊन बस. पाने धुऊन दे, विचार, बघ. मला जे येतं त्यातलं अर्धं अशाच ओट्यावर आलं.

पहिली फेरी डांबरी रस्त्यावर नको, वावराच्या धुऱ्याकडेच्या पांदणीत, पहिल्या गिअरमध्ये, दर पन्नास पावलांवर ब्रेक दाबून. त्याआधी ड्रम उघडलास की व्हील सिलिंडरचा फोटो इथे टाक. रबरी टोपीखाली ओल दिसली तर सिलिंडरच बदलावा लागेल, कोरडा असेल तर कसा मोकळा करायचा ते सांगतो.