नवीन समुद्री मासा टाकीत सोडण्याआधी दोन-तीन तास ड्रिप लावावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घरी तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, क्लाउन माशांची जोडी मजेत आहे, आता मुंबईहून कोरल ब्यूटी, म्हणजे छोट्या एंजल जातीतला एक मासा, आणायचाय. दुकानदार म्हणतो, घरी आल्यावर दोन-तीन तास ड्रिप लावा, म्हणजे टाकीचं पाणी नळीने थेंब-थेंब माशाच्या पाण्यात सोडा. मागच्या माशाला तसंच केलं होतं, तो चार दिवसांत गेला. मग चुकतंय कुठे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. लांबून आलेल्या माशाला तासन्‌तास ड्रिप लावू नका. त्याऐवजी आपलंच पाणी आधीपासून त्याच्या पाण्याशी जुळवून ठेवा. आणि मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नका.

ड्रिपला माझा विरोध का, ते बघा. मुंबई-पुणे प्रवासात, घाटातला ट्रॅफिक धरून, मासा चार-पाच तास बंद पिशवीत असतो. तेवढा वेळ तो कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. सोबत श्वासातला कार्बन डायऑक्साइडही पाण्यात साठतो आणि पीएच उतरतो. हे माशाच्या पथ्यावरच पडतं, कारण उतरलेल्या पीएचला अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते बरंच कमी विषारी असतं. आता पिशवी उघडली, वरून तुमच्या टाकीचं ८.२ पीएचचं पाणी पडायला लागलं, की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो. म्हणजे सवय लावायच्या नावाखाली आपण माशाला त्याच्याच घाणीत तीन तास ठेवतो. दुकान दहा मिनिटांवर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ड्रिपने फारसं बिघडत नाही.

मुख्य प्रश्न खारेपणाचा. तो घनतेवरून मोजतात: मीठ जास्त तितकी घनता जास्त, आणि गोड्या पाण्याची घनता १.०००. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ ते १.०२६ असते आणि तुमची टाकीही तिथेच असणार. बरीच दुकानं मात्र मीठ वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला मासे १.०२० च्या आसपास ठेवतात. समुद्री माशाच्या रक्तातला खारेपणा समुद्राच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना सुटावं तसं त्याच्या अंगातून सारखं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कमी खाऱ्या पाण्यात गेला तर त्याचं हे काम हलकं होतं, म्हणून खाली उतरणं त्याला सहज झेपतं. झटपट वर चढणं झेपत नाही. मासा त्या क्षणी ठीक दिसतो, खातोही, आणि दोन-चार दिवसांनी मान टाकतो.

म्हणून निघण्याआधी दुकानात फोन करून घनता विचारा. ‘नॉर्मल आहे सर’ असं उत्तर आलं तर आपला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण, खिशात टाकून जा आणि तिथेच थेंबभर पाणी तपासा. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणावर लावलेला असावा, नळाच्या पाण्यावर नाही. मासा खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रवासात पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात, एसीच्या गाडीत. मे महिन्यात डिकीत तर अजिबात नको.

नवा मासा आधी वेगळा ठेवायला एक छोटी टाकी लागते, ती निघण्याआधीच तयार हवी. चाळीस-पन्नास लिटरची पुरते. वाळू नको, खडक नको. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो टाका, हीटर, एअर पंप आणि स्पंज फिल्टर. हा स्पंज आधी काही आठवडे तुमच्या मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) पडून असला पाहिजे, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसतात. नवाकोरा स्पंज शोभेचाच. पाण्याची घनता दुकानाएवढी ठेवा.

घरी आल्यावर दिवे बंद करा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळेल. मग उघडा, घनता एकदा मोजून खात्री करा, आणि मासा उचलून सरळ सोडा. शक्यतो जाळीने नको. कोरल ब्यूटीच्या गालाजवळ, कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या अंगाला, मागे वळलेला काटा असतो, तो जाळीत अडकला की सोडवताना मासाही फाटतो आणि आपला धीरही. प्लास्टिकच्या डब्यात घेऊन, पाणी निथळून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत, टाकीत नाही. वर झाकण हवंच, नवा मासा उडी मारतो.

पुढच्या दिवसांत घनता रोज ०.००१ ने चढवा. युक्ती सोपी आहे: बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने न भरता खाऱ्या पाण्याने भरा. मोजत राहा म्हणजे झालं. पहिल्या दिवशी खायला घालू नका. दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) मिळालं तर उत्तम, नाहीतर ताजी करंदी सोलून, धुऊन, अगदी बारीक चिरून. पण कोरल ब्यूटी हा दिवसभर खडकावरचं शेवाळ टिपत फिरणारा मासा आहे, नुसत्या करंदीवर तो खूश राहणार नाही. सुशीसाठी मिळते ती बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद) क्लिपला लावून काचेवर चिकटवा. आधी तो तिच्याकडे बघणारही नाही. तुकडा संध्याकाळी काढा, सकाळी नवा लावा. अमोनियाची चाचणी रोज करा, थोडा जरी दिसला तरी पाणी बदला.

या टाकीत किमान महिनाभर. कंटाळवाणं आहे, मान्य. पण अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी काही दिवसांनी मासा सोडून तळाशी जातो, तिथे कोष करतो आणि पुढे अनेकपट होऊन परत येतो. ठिपके गेले म्हणून लोक मासा मोठ्या टाकीत हलवतात आणि पस्तावतात. तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर ते छोट्या टाकीतच, चाचणी संचाने मोजून आणि जपून, कारण छोट्या एंजलना ते फार मानवत नाही. मोठ्या टाकीत तांबं गेलं की कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळं संपलं.

मोठ्या टाकीत हलवताना त्रास देणार ती तुमची क्लाउनची मादी, जोडीतली मोठी तीच. आपल्या कोपऱ्यासाठी ती तुमच्या हातालाही चावते. भोकं पाडलेला पारदर्शक डबा टाकीत आतून टांगा आणि कोरल ब्यूटीला दोन-तीन दिवस त्यात ठेवा. दोघं एकमेकांना बघतील, कुणी कुणाला इजा करणार नाही. सोडायच्या आधी खडकांची थोडी फेररचना करा, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. सोडा संध्याकाळी, दिवे मंदावल्यावर. पहिले एक-दोन दिवस तो खडकामागेच दिसला तर घाबरू नका, हात घालून शोधत बसू नका. पंख फाटलेले दिसले तर मात्र परत डब्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. मागचा मासा जाण्याआधी धापा टाकत होता का? पंपाच्या झोतात तोंड करून उभा राहायचा का? अंगावर ठिपके किंवा पिठासारखी बारीक धूळ होती का? असेल तर परजीवी आजही तुमच्या टाकीत असू शकतो. क्लाउन ठणठणीत आहेत हा पुरावा नाही, सरावलेले मासे लक्षणं न दाखवता परजीवी बाळगून असतात. तसं असेल तर कोरल ब्यूटी आत्ता आणूच नका. आधी क्लाउनना वेगळ्या टाकीत काढून तिथे उपचार करा आणि मोठी टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवा. कोळंबी, गोगलगायी आतच राहू द्या. यजमान न मिळाल्याने परजीवी तेवढ्यात संपतो. तेवढ्या काळात दुकानदाराचा ‘शेवटचा पीस आहे’ असा फोन नक्की येईल. तो उचलू नका.