वायरलेस चार्जरमध्ये वीज हवेतून जाते, तर मग फोन पॅडला चिकटवूनच का ठेवावा लागतो?

वीज हवेतून जातच नाही, गोम तिथेच आहे. पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं, फोनच्या पाठीत दुसरं. पॅडच्या वेटोळ्यातून एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होतं आणि त्या बदलामुळे फोनच्या वेटोळ्यात नव्याने वीज तयार होते. मायकेल फॅरडेने हे 1831 मध्ये दाखवलं. ट्रान्सफॉर्मर चालतो तो याच तत्त्वावर.

यात बदल महत्त्वाचा, नुसतं क्षेत्र असून भागत नाही. मी एकदा एनॅमलच्या तारेची दोन वेटोळी केली, एकाला थेट बॅटरी जोडली, दुसऱ्याला एलईडी. ढिम्म! तासभर सोल्डरिंग तपासत बसलो. बॅटरीचा प्रवाह डीसी, एकाच दिशेचा, म्हणजे क्षेत्र स्थिर, हे डोक्यात यायला उशीर झाला. मध्ये ट्रान्झिस्टर घालून प्रवाह भराभर चालू-बंद केला, तेव्हा कुठे एलईडी पेटला. वरचं वेटोळं दोन बोटं उचललं की तो मंद व्हायचा. आडवं वेटोळं उभं धरलं की गुल.

तुमच्या फोनचं दुखणं हेच. पॅडचं क्षेत्र जितकं फोनच्या वेटोळ्यातून आरपार जाईल तितकी वीज मिळणार. वेटोळ्याच्या आकारापेक्षा बरंच दूर गेलात की क्षेत्र अंतराच्या घनाप्रमाणे घटतं: अंतर दुप्पट, तर क्षेत्र आठवा हिस्सा. म्हणून फोनच्या वायरलेस चार्जिंगसाठीच्या 'ची' (Qi) मानकात प्रवाहाची सेकंदाला लाखाच्या वर आवर्तनं असूनही अंतर काही मिलिमीटरच ठेवावं लागतं. फोन थोडा सरकला तरी चार्जिंग रेंगाळतं आणि उष्णता वाढते. (फोनखाली नाणं राहिलं तर त्यातही भोवरा-प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होऊन ते तापतं. इंडक्शन शेगडीवर भांडं तापतं तसंच. चांगले चार्जर हे ओळखून थांबतात.)

लांबून वीज देता येतच नाही असं मात्र नाही. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2 मीटरवरून 60 वॅटचा दिवा पेटवला. त्यासाठी दोन्ही वेटोळी एकाच वारंवारतेला जुळवली होती, झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के द्यावेत तशी. तरी निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच गेली, आणि वेटोळी होती सुमारे 60 सेंटीमीटर व्यासाची. तेवढं वेटोळं मावेल असा खिसा कुठून आणायचा?