सालोमे झुराबिश्विलींना पाहून मेडिकल सोडावं का?

प्रश्न : मी लातूरची. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांना रुस्तावेली मार्गावर लोकांपुढे बोलताना पाहिलं, तेव्हापासून अभ्यासात मन लागत नाही. मेडिकल सोडून परराष्ट्र सेवेची तयारी करू का? बाबा फार चिडलेत.

उत्तर : तुला भावलं ते भाषण. त्याआधीची वर्षंही बघ. झुराबिश्विलींचा जन्म १९५२ चा, पॅरिसचा. घर जॉर्जियन निर्वासितांचं. १९७४ साली त्या फ्रान्सच्या परराष्ट्र सेवेत शिरल्या. रोम, ब्रुसेल्स, वॉशिंग्टन, चाड अशा ठिकाणी काम करत २००३ मध्ये त्या फ्रान्सच्या राजदूत म्हणून तिबिलिसीत आल्या. म्हणजे जवळपास तीस वर्षं टिपणं, मसुदे, बैठका. टाळ्या कुठेच नाहीत. २००४ मध्ये त्या जॉर्जियाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि पुढच्याच वर्षी बाटुमी व अखलकलाकी इथले रशियन लष्करी तळ हटवण्याचा करार झाला. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच, आणि ते वाटाघाटींच्या टेबलावर झालं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना मंत्रिपदावरून काढलं. त्यांनी पक्ष काढला, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या इराणविषयक तज्ज्ञ गटात काम केलं, आणि २०१८ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच पाठिंब्यावर राष्ट्राध्यक्ष झाल्या. मग २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या ‘परकीय प्रभाव’ कायद्यावर, म्हणजे परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची करणाऱ्या कायद्यावर, नकाराधिकार वापरला. संसदेने तो नकाराधिकार फेटाळला. असे फटके खायची तयारी आहे का, हे स्वतःला विचार.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सेवेत असताना अधिकाऱ्याला राजकारण करता येत नाही. एस. जयशंकर परराष्ट्र सचिव होते ते २०१८ पर्यंत, मंत्री झाले २०१९ मध्ये. तुला धोरण राबवायचंय की बदलायचंय? उत्तर ‘बदलायचंय’ असेल, तर परराष्ट्र सेवा हा लांबचा रस्ता आहे.

तरी राबवायचंच असेल, तर पदवी पूर्ण कर. यूपीएससीला पदवी कोणत्याही शाखेची चालते, खुल्या गटाला वयोमर्यादा ३२ आहे, आणि मुख्य परीक्षेत वैद्यकशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. तुझी परदेशी पदवी समकक्ष धरली जाते का, हे मात्र आधी लेखी विचारून घे. तिसऱ्या वर्षी सोडलंस तर हातात पदवीच नाही, आणि पदवीशिवाय परीक्षाही नाही. बाबांची भीती इथे रास्त आहे, त्यांना तसं सांग.

तोवर रोज एक तास इतिहास आणि आंतरराष्ट्रीय घडामोडी वाच. जॉर्जियन नीट शीक, रुग्णांशी बोलायला ती लागणारच आहे. आणि कितीही ओढ वाटली तरी निदर्शनांत उतरू नकोस. तू तिथे परदेशी विद्यार्थिनी आहेस, राहण्याचा परवाना गेला तर शिक्षण अर्ध्यावर थांबेल.