पासपोर्टातलं ‘लेट’ अन् खरेदीखताचे दात

प्रश्न : मुलाचा पासपोर्ट आला, आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावानं लिहिलंय की याला ‘विदाऊट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्या. आता लेट म्हणजे जाऊ देणं, मग विदाऊट लेट म्हणजे जाऊ न देता का? का उशीर न करता? दोन दिवसांपासून घरी यावरच वाद होऊन राहिला. – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : काका, तुमचा उशीरवाला अंदाज मुळाच्या बराच जवळ गेला बरं का. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एकाचा अर्थ सोडणं, जाऊ देणं, अन् दुसऱ्याचा अडवून ठेवणं, खोळंबा करणं, आणि हे दुसरं निघालं ‘सुस्त, हळू’ अशा अर्थाच्या शब्दातून, आपली गाडी लेट होते तो लेट पण त्यातलाच. शेवटची अक्षरं झिजत गेली तशी दोन्ही क्रियापदं सारखीच ऐकू यायला लागली, एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, बोलताना किती पंचाईत होत असेल बघा, म्हणून अडवण्याचा अर्थ हळूहळू मागे पडला अन् मुख्यतः कायद्याच्या कागदात राहिला. तर पासपोर्टात लेट म्हणजे अडथळा, हिंड्रन्स म्हणजे पण अडथळाच.

प्रश्न : महालातल्या आमच्या घराचं आजोबांच्या वेळचं खरेदीखत इंग्रजीत आहे. सुरुवातच ‘धिस इंडेंचर विटनेसेथ’. वकील म्हणाले जुनी पद्धत आहे, असू द्या. पण याचा अर्थ काय? – एक वाचक, महाल

उत्तर : असू द्या म्हणून सोडण्यासारखा शब्दच नाही हा, मला तर फार आवडतो. विटनेसेथ सोपं आहे, आज आपण क्रियापदाला ‘एस’ लावतो तिथे आधी ‘एथ’ लावायचे, म्हणजे ‘हा दस्त साक्ष देतो की’. खरी गंमत इंडेंचरमध्ये आहे. मध्ययुगात इंग्लंडमध्ये करार करायचा तर एकाच चामड्याच्या तुकड्यावर तोच मजकूर दोनदा लिहायचे, अन् मधून कापताना सरळ नाही तर नागमोडी, करवतीच्या दातांसारखं कापायचे. एक अर्धा याच्याकडे, एक त्याच्याकडे. पुढे भांडण झालं की दोन्ही तुकडे आणून कडा जुळवायच्या, दाताला दात बसला तर कागद खरा, नाही तर बनावट! शिक्का नकली करता येतो, सही पण करता येते, पण हातानं वाकडीतिकडी कापलेली कड हुबेहूब पुन्हा कशी कापणार? इंडेंचरमधला ‘डेंट’ म्हणजे लॅटिनमधला दात, आणि तो आपल्या ‘दंत’ शब्दाचा सख्खा नातेवाईक. करार दोन पक्षांचा नसून एकट्याचाच असेल तर कड सरळ कापायचे, त्याला म्हणत डीड पोल, पोल म्हणजे भादरून सपाट केलेलं; ब्रिटनमध्ये आजही बरेच लोक नाव बदलतात ते डीड पोल करून. नंतर दात कापणं बंद पडत गेलं, तेव्हा १८४५ च्या कायद्यानं तिकडे स्पष्टच केलं की कड कापलेली नसली तरी इंडेंचर ते इंडेंचर. सरकारी खात्यात स्टोअरला ‘इंडेंट’ टाकणाऱ्यांनो, तुमच्या कागदाला पण तेच दात आहेत. आणि दादा, ते खरेदीखत लॅमिनेट करू नका, नुसतं सुती कापडात जपून ठेवा.

प्रश्न : मिठाईच्या दुकानावर ‘स्वीटमीट’ लिहिलेलं असतं. आजी म्हणते यात मटण तर नसेल? मी नववीत आहे. – इतवारी

उत्तर : नाही बेटा, आजीला म्हणा संत्रा बर्फी बिनधास्त खा. मीट म्हणजे आधी कुठलंही खाणं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देव माणसाला झाडपाला अन् फळं देतो आणि म्हणतो हे तुमचं मीट, म्हणजे अन्न. पुढे अर्थ आकसत आकसत मांसापुरता उरला. डिअरचं पण तसंच, आधी कुठलाही प्राणी डिअर, मग फक्त हरीण. आता आपला मृग बघ, तो पण मुळात कुठलाही रानातला प्राणी, म्हणून तर सिंह मृगेंद्र अन् माकड शाखामृग, आणि आज मृग म्हटलं की आपल्याला पण हरीणच दिसतं. दोन भाषा, एकमेकींना न विचारता एकाच वाटेनं गेल्या.

प्रश्न : कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेत ‘दाय नेम’ म्हणायचो. ‘दाऊ’ हे ‘यू’चं आदरार्थी रूप ना? – एक वाचक, सदर

उत्तर : ताई, नेमकं उलट. दाऊ म्हणजे तू, दाय म्हणजे तुझं, अन् यू म्हणजे तुम्ही. यू आधी अनेकांसाठी होतं, मग मोठ्या माणसाला एकट्यालाही यू म्हणायला लागले, आपण साहेबांना तुम्ही म्हणतो तसं, अन् होता होता सगळ्यांनाच यू झालं. दाऊ रोजच्या बोलण्यातून गेलं, प्रार्थनेत राहिलं, म्हणून आज ते भारदस्त वाटतं. पण देवाला दाऊ म्हणणारा माणूस त्याला जवळचं समजून तू म्हणत होता, जसं विठ्ठलाला कुणी तुम्ही म्हणत नाही.